भुकेची रेषा आखणारे डॉ. सुखात्मे

दरवर्षी साधारण ऑक्टोबर महिन्यात जागतिक भूक निर्देशांक जाहीर होतो आणि दोन-चार दिवस त्यावर चर्चा झडते. २०२३ मध्ये १२५ देशांच्या यादीत भारत १११व्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये १२७ देशांत १०५वा. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आपल्या पुढे कसे, असा प्रश्न एका बाजूने विचारला जातो. कोठारे धान्याने भरलेली असताना हे आकडे येतात कुठून, असे दुसरी बाजू विचारते. २०२३ मध्ये तर केंद्र सरकारने हा निर्देशांक काढण्याची पद्धतच सदोष असल्याचे सांगून तो फेटाळला.

या निर्देशांकात चार गोष्टी मोजल्या जातात. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले, पाच वर्षांखालील बालमृत्यू आणि चौथी, लोकसंख्येतील अपुरे अन्न मिळणाऱ्यांचे प्रमाण. हे चौथे प्रमाण संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, देशोदेशींसाठी काढते. शंभरातले किती जण उपाशी, हे जगभर एकाच मापाने कसे मोजायचे, याचे मूळ गणित १९६१ मध्ये मांडले गेले. ते मांडणारा माणूस सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावातला मराठी संख्याशास्त्रज्ञ होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

खटावच्या माळावरून लंडनला

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. गाव बुध, तालुका खटाव. खटाव-माणचा हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात ढग डोक्यावरून जातात, पण थांबत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. कमी पावसाच्या गावात एक गोष्ट लहानपणीच कळते. ती म्हणजे यंदा काय पिकले आणि किती पिकले, यावर पुढच्या वर्षभराचे सगळे अवलंबून असते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या काळी संख्याशास्त्राची राजधानी तिथे होती. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन आणि पोलंडहून आलेले येर्झी नेमन ही तिन्ही मोठी माणसे एका आवारात काम करत होती. १९३४ मध्ये नेमन यांनी नमुना पाहणीचे शास्त्र नव्याने मांडले. लाखो घरे किंवा शेते तपासण्याऐवजी थोडीच, पण नियमाने निवडून तपासली तर सगळ्यांबद्दल खात्रीचे अनुमान काढता येते, आणि त्या अनुमानात चूक किती असेल हेही सांगता येते, असा त्याचा गाभा होता. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, सुखात्मे यांचा या विषयात भर घालणारा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय होते २४. १९३६ मध्ये पीएच.डी. झाली, १९३९ मध्ये डी.एस्सी.

भारतात परतल्यावर कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत त्यांनी काही काळ शिकवले. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले. तिथे त्यांनी संख्याशास्त्राचा जो विभाग उभा केला, त्याचीच पुढे भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था झाली.

शेतात टाकलेला चौकोन

त्या काळात पिकाचा अंदाज आणेवारीने बांधला जाई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. महसूल खात्याचा माणूस बांधावर उभा राही, शिवारावर नजर टाकी आणि यंदा आठ आणे की दहा आणे ते ठरवी. शेतसारा सूट मिळणार की नाही, तगाई मिळणार की नाही, हे त्या नजरेवर ठरे. अशा लाखो नजरांची बेरीज म्हणजे देशाचे धान्य उत्पादन. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तेव्हा देशात धान्य नेमके किती आहे हे खात्रीने सांगता येईल असा आकडा सरकारपाशी नव्हता.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी यांनी त्या नजरेच्या जागी पीक कापणी प्रयोग आणला. गावांची यादी करायची आणि त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे निवडायची. गावातले शेत आणि शेतातली जागाही तशीच, कुणाच्या मर्जीविना. त्या जागी मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. चांगले शेत दाखवण्याची किंवा वाईट शेत दाखवण्याची सोय कुणाला उरत नाही. ही कल्पना भारतात पूर्वीही करून पाहिली गेली होती. देशभरच्या कृषी आणि महसूल खात्यांच्या रोजच्या कामात ती बसवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांच्याकडे जाते. १९५४ मध्ये या दोघांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचे जे पुस्तक लिहिले, ते कृषी महाविद्यालयांतून कित्येक पिढ्यांनी अभ्यासले.

या कामात त्यांचा मोठा वाद झाला तो कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. चौकोन केवढा असावा, हा वादाचा मुद्दा. वरवर पाहता क्षुल्लक. महालनोबिस लहान वर्तुळ घेत. ते कापायला सोपे आणि खर्चाला कमी. सुखात्मे यांनी उत्तर प्रदेशात गव्हाच्या शेतात लहान आणि मोठे तुकडे शेजारी-शेजारी कापून तुलना केली. लहान तुकड्यांतून उत्पादन सातत्याने जास्त दिसत होते. कारण साधे होते. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड लांब. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. असा थोडा थोडा फरक साचून एकरी उत्पादन फुगते. महालनोबिस यांचे म्हणणे, माणसे नीट तयार केली तर हे टाळता येते. सुखात्मे यांचे म्हणणे, देशात काम करणार आहेत ते गावोगावचे कर्मचारीच. तेव्हा त्यांच्या हातून कमीत कमी चूक होईल असे माप हवे.

हा प्रयोग आज बीड जिल्ह्याच्या रोजच्या व्यवहारात आहे. बहुतेक तृणधान्यांसाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखला जातो. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक तो कापून घेतात. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरले, तर पीक विम्याची भरपाई बसते. २०२० च्या खरिपात विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारा जो बीड पॅटर्न देशभर गाजला, त्यात पैशांची वाटणी बदलली होती. पीक किती आले हे ठरवायला आधार मात्र कापणी प्रयोगाचाच लागतो. सोयाबीनचा एक चौकोन कुठे पडला आणि कसा कापला, यावर त्या मंडळातल्या हजारो घरांचे पैसे ठरतात. मंडळाची सरासरी चांगली निघाली आणि आपले शेत मात्र वाळून गेले, तर भरपाई नाही. ही तक्रार दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येते. सरासरीमागे काय झाकले जाते, हा सुखात्मे यांच्या आयुष्यभराचा प्रश्न होता. शेतापासून सुरू झालेला तो प्रश्न पुढे ताटापर्यंत पोचला.

रोममधली दोन दशके

१९५० च्या दशकाच्या आरंभी सुखात्मे एफएओमध्ये गेले. संघटनेचे मुख्यालय नुकतेच रोमला हलले होते. जवळपास दोन दशके ते तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले.

देशांची तुलना करायची तर आधी शब्दांचे अर्थ जुळावे लागतात. एका देशात तांदूळ म्हणजे साळ, दुसऱ्यात सडलेला तांदूळ. एके ठिकाणी शेतकरी कुटुंबाची सगळी जमीन एक खाते, दुसरीकडे प्रत्येक तुकडा वेगळा. हे एका मापात आल्याशिवाय कोण पुढे आणि कोण मागे हे सांगण्याला अर्थ नसतो. १९६० च्या जागतिक कृषी गणनेसाठी अशा व्याख्या ठरवणे, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतल्या माणसांना नमुना पाहणी शिकवणे, हे या विभागाचे काम होते.

त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न मात्र वेगळा होता. एफएओचे पहिले महासंचालक आणि शांततेचे नोबेल मिळालेले लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये जगाची दोन तृतीयांश लोकसंख्या उपाशी किंवा कुपोषित असल्याचे म्हटले होते. हे विधान जगभर गेले. भाषणांत, वर्तमानपत्रांत, मदतीच्या आवाहनांत ते येऊ लागले. कॉलिन क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने मात्र या विधानाला आधार नाही आणि आकडे वाचण्यात गफलत झाली आहे, अशी टीका केली. भुकेविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या मुख्य आकड्यावरच शंका घेतली गेली होती.

सुखात्मे यांनी हा प्रश्न मुळापासून घेतला. एखाद्या देशात दरमाणशी किती अन्न आहे, हे तुलनेने सोपे गणित आहे. पिकलेले आणि आयात केलेले धान्य घ्यायचे, त्यातून निर्यात, बियाणे, जनावरांचा खुराक आणि नासाडी वजा करायची, उरलेले लोकसंख्येने भागायचे. त्यातून दररोज दरमाणशी इतक्या कॅलरी, असा आकडा येतो. पण ती सरासरी झाली. सरासरी २,४०० असली तरी कुणी ३,४०० खातो आणि कुणी १,४००. सरासरी पुरेशी असलेल्या देशातही उपाशी माणसे असतात. म्हणून सुखात्मे यांनी घरोघरच्या आहार पाहण्यांकडे वळून खाणे लोकसंख्येत कसे विभागलेले असते याचा आलेख काढला.

मग खरी अडचण येते. त्या आलेखावर रेषा कुठे मारायची? कितीच्या खाली माणूस उपाशी धरायचा?

सहज सुचणारे उत्तर म्हणजे सरासरी गरज. सुखात्मे यांनी त्यातली खोट दाखवली. समजा, शंभर धडधाकट माणसे आहेत आणि प्रत्येकाला पोटभर जेवण मिळते. त्यांची सरासरी गरज २,४०० कॅलरी आहे. कुणी उंच, कुणी ठेंगणा, कुणाचे वजन ५० किलो, कुणाचे ७०. त्यामुळे यातले साधारण निम्मे २,४०० पेक्षा कमीच खाणार, कारण त्यांची गरजच तेवढी आहे. रेषा सरासरीवर मारली तर उपाशी एकही नसताना पन्नास उपाशी निघतील. म्हणून रेषा गरजेच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला हवी. इतके कमी खाऊन निरोगी माणूस राहूच शकणार नाही, अशा जागी. त्या रेषेखाली जो सापडेल, त्याच्याबद्दल शंका उरत नाही.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी हा निबंध वाचला. जगातले १० ते १५ टक्के लोक, म्हणजे ३० ते ५० कोटी, पुरेसे अन्न मिळत नसल्याने उपाशी आहेत आणि आहाराचा कस धरला तर भूक किंवा कुपोषण किंवा दोन्ही भोगणारे जगाच्या निम्म्यापर्यंत जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन तृतीयांश हा आकडा खाली आला. तरी ३० ते ५० कोटी म्हणजे त्या वेळच्या भारताच्या लोकसंख्येच्या जवळपास. १९६३ मध्ये सोसायटीने त्यांना गाय पदक दिले. एफएओच्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत हीच पद्धत वापरली गेली.

प्रथिनांचा गाजावाजा

१९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांमध्ये प्रथिनांच्या टंचाईची मोठी चर्चा होती. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिने मिळत नाहीत, म्हणून मासळीची भुकटी, शेंगदाण्याचे पीठ, कारखान्यात तयार केलेली प्रथिने पुरवावीत, असे बेत आखले जात होते.

सुखात्मे यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे पुन्हा मांडले. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ आणि त्यासोबत डाळ, असा आपला नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुतेकांची भागते, असे त्यातून दिसले. प्रथिने कमी पडतात ती प्रामुख्याने पोट न भरल्यामुळे. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनेच जाळून टाकते. मग वरून प्रथिनांची भुकटी दिली तरी ती चुलीत घातल्यासारखीच. चूल पेटती ठेवायला आधी भाकरी हवी.

त्या वेळी हे मत अनेकांना रुचले नाही. पण १९७३ मध्ये एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रथिनांची शिफारस खाली आणली आणि पुढच्या वर्षी प्रथिनांच्या त्या मोहिमेवर वैद्यकीय नियतकालिकांतूनच कठोर टीका झाली. पुढे पोषणाचे धोरण एकूण आहाराकडे वळले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि पालेभाजी हे मराठवाड्याचे ताट शास्त्राच्या कसाला उतरते. ते रोज आणि पुरेसे भरते का, एवढाच प्रश्न राहतो.

पुण्यातला वाद

१९७१ मध्ये सुखात्मे यांना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास ते निवृत्त होऊन पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत संशोधन करू लागले. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडवा वाद इथून पुढे झाला.

पुण्यातल्याच गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये आला होता. रोज दरमाणशी २,२५० कॅलरींचे अन्न घेता येईल इतका खर्च ही रेषा धरून त्यांनी १९६०-६१ साली ग्रामीण भागातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती गटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरी ठरवल्या. देशाची दारिद्र्यरेषा त्यावर उभी राहिली.

सुखात्मे यांचा आक्षेप जुनाच होता. सरासरी गरज हीच रेषा धरली तर निरोगी माणसेही त्यात गरीब आणि उपाशी म्हणून मोजली जातात. या वेळी त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. ब्रिटिश सैन्यातल्या नव्या शिपायांनी रोज किती खाल्ले आणि किती ऊर्जा खर्च केली, याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एकच माणूस, काम तेच, वजन तेच. तरी त्याचे खाणे आठवड्या-आठवड्याला बरेच कमी-जास्त होत होते. कॅलिफोर्नियातले शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी मांडले की शरीर एका मर्यादेत स्वतःला सांभाळून घेते. कमी मिळाले तर ऊर्जा काटकसरीने वापरते, जास्त मिळाले तर सैल सोडते. यावरून त्यांनी रेषा सरासरी गरजेच्या साधारण ७० टक्क्यांवर आणली. साहजिकच उपाशी लोकांचे प्रमाण बरेच खाली आले.

दांडेकर यांनी १९८१ मध्ये याला जोरदार उत्तर दिले. दारिद्र्य म्हणजे केवळ शरीर तगून राहणे नव्हे. लोक परवडले तर किती अन्न घेतात, हा त्यातला प्रश्न आहे आणि गरीब माणूस रोजच कमी खातो. आठवड्या-आठवड्याच्या चढउताराचे गणित त्याला लावता येत नाही. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांचा आक्षेप शरीरशास्त्राचा होता. कमी अन्नावर शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत मोजावी लागते. मुलाची उंची खुंटते, खेळणे कमी होते. मोठ्या माणसाचे काम मंदावते. त्याला निरोगी राहणे म्हणायचे का?

या वादात काय पणाला लागले होते, हे उघड आहे. रेषा वर ठेवली तर रेशन, रोजगार आणि मदतीचा हक्क असलेल्यांची संख्या वाढते. खाली आणली तर कागदावरची भूक कमी होते आणि तिच्यासोबत खर्चही. सुखात्मे यांच्या गणिताचा असा उपयोग होईल, ही भीती टीकाकारांना होती आणि ती निराधार नव्हती.

सुखात्मे यांचा हेतू मात्र गरिबी लहान करून दाखवण्याचा नव्हता. खरोखर उपाशी असलेल्यांपर्यंत आधी पोचा, असा त्यांचा आग्रह होता. केवळ धान्य वाटून काम होणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भाग वादात मागे पडला. पोटात जंत असतील, पाणी दूषित असेल, आजूबाजूला घाण असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही. अन्नासोबत स्वच्छ पाणी, शौचालय आणि आरोग्यसेवा यांचा विचार एकत्र करायला हवा, हे ते उतारवयातही सांगत राहिले. भारतातली मुले खुजी का राहतात, याचा शोध घेणाऱ्या पुढच्या काळातल्या संशोधकांनीही उघड्यावरील शौच आणि वारंवार होणारे जुलाब यांच्याकडे बोट दाखवले.

रेषा आणि कोयता

एफएओने १९८० च्या दशकातल्या पाचव्या जागतिक अन्न पाहणीत या वादामुळे एकाऐवजी दोन रेषा धरून आकडे दिले. शरीर आपोआप जुळवून घेते, हा सुखात्मे यांचा सिद्धांत पूर्णपणे मान्य झाला नाही. पण अन्नाची विभागणी काढायची आणि गरजेच्या खालच्या टोकाला रेषा मारायची, ही १९६१ ची चौकट टिकली. आज शाश्वत विकास उद्दिष्टांत भुकेचा पहिला मापक तोच आहे. त्याच मापाने २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक, म्हणजे साधारण ८ टक्के, पुरेशा अन्नाविना असल्याचा अंदाज निघाला.

या मापाची मर्यादाही त्याच्या रचनेतच आहे. ही किमान रेषा हलक्या हालचालीचे जीवन धरून काढलेली असते. भारतासाठी ती मुले-म्हातारे धरून दरमाणशी रोज सुमारे १,८०० कॅलरी येते. आता राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी पाहा. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २,११० कॅलरी, अवजड काम करणाऱ्याला ३,४७०. स्त्रीला बैठ्या कामासाठी १,६६० आणि अवजड कामासाठी २,७२०.

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोद्यातून नवरा-बायकोच्या जोड्या, ज्यांना कारखान्याच्या हिशेबात एक कोयता म्हणतात, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून ट्रकमध्ये भरणे, हे अवजड कामच. या बाईने रोज २,००० कॅलरी खाल्ल्या तर १,८०० च्या जागतिक रेषेपुढे ती वरच दिसेल आणि तिच्या अंगाला मात्र रोज ७०० कॅलरी कमी पडत असतील. एवढ्या तुटीत शरीर तगते कसे, हा सुखात्मे यांचा प्रश्न होता. तगताना काय गमावते, हा गोपालन यांचा.

देशाच्या आकड्यात जिल्हाही असाच हरवतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. राज्याच्या सरासरीकडे पाहून बीडची खोली कळत नव्हती. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते तेच वि. म. दांडेकर. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांत राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा असेल त्याची तूट म्हणजे अनुशेष, असे या समितीने धरले आणि १९८४ मध्ये एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यातला जवळपास २४ टक्के मराठवाड्याचा होता. तिथे रेषा राज्याच्या सरासरीवर होती. रेषा कशासाठी मारायची आहे, त्यावर तिची जागा ठरते. जिल्ह्यांना बरोबरीला आणायचे असेल तर सरासरी योग्य. उपाशी माणूस शोधायचा असेल तर सरासरी फसवते.

दांडेकर १९९५ मध्ये गेले. सुखात्मे यांचे २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात निधन झाले, वयाच्या ८६व्या वर्षी. त्यांच्या दोन्ही मोजमापांचा आजही रोजचा वापर आहे. एक खरिपाच्या शेवटी शिवारात आखला जाणारा चौकोन आणि दुसरी देशोदेशींच्या भुकेच्या आलेखावरची रेषा. पुढचा भूक निर्देशांक येईल तेव्हा क्रमांकाच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. रेषा किती कॅलरींवर आहे? ती कुणाच्या कामाला धरून काढली आहे? आणि खाण्याचे आकडे कोणत्या वर्षीच्या घरोघरच्या पाहणीतून आले आहेत? सुखात्मे यांनी रोममध्ये बसून हेच प्रश्न जगातल्या प्रत्येक देशाच्या आकड्यांना विचारले होते.